मामांची बढती कोणाच्या हाती?

द्वितीय वर्ष कला (राज्यशास्त्र)

आपल्या महाविद्यालयाचे माहितीपुस्तक दर जून महिन्यात निघते. त्यात प्राध्यापकांची नावे त्यांच्या पदव्यांसह छापलेली असतात. अगदी शेवटच्या पानावर, बसच्या पासाच्या माहितीच्या थोडे वर, ‘शिक्षकेतर कर्मचारीवर्ग’ अशा मथळ्याखाली काही नावे असतात. त्यांच्यापुढे पदवी नसते. प्रथम वर्षात असताना मी समजत होतो की पदव्या नसतील म्हणूनच छापल्या नसतील. ‘कमवा व शिका’ योजनेत दोन वर्षे ग्रंथालयात काम केल्यावर कळले की त्यांतील एका नावापुढे बी.ए. लागावयास हवे, आणि ग्रंथपालनाचे प्रमाणपत्रही. ते नाव आपण कोणी उच्चारीत नाही. ग्रंथालयातल्या त्या गृहस्थांना आपण सारे ‘मामा’ म्हणतो.

मामा, मावशी, काका, भाऊसाहेब! महाविद्यालयाच्या फाटकापासून प्राचार्यांच्या केबिनपर्यंत आपण अशी नाती जोडीत जातो. त्यात प्रेम आहे, खोटे काही नाही. प्रवेशाच्या वेळी माझ्या शिष्यवृत्तीचा अर्ज भाऊसाहेबांनी शेजारी बसवून भरून घेतला नसता, तर मी आज हा लेख लिहीत नसतो. आमच्या घरात यापूर्वी कॉलेजचा अर्ज कोणी पाहिलाच नव्हता. पण मला अलीकडे असे वाटू लागले आहे की, मामा म्हटले की त्या माणसाचे पद कोणते, तो कधी लागला, पुढे कोठे जाणार, हे विचारण्याची आपल्याला गरजच उरत नाही. मामा हा कायम मामाच असतो. भाच्याला त्याची बढती झाली किंवा नाही याच्याशी कर्तव्य नसते. ‘शिक्षकेतर’ हा शब्दही तसा विचित्रच आहे. ही माणसे कोण नाहीत एवढेच तो सांगतो.

प्रस्तुत लेखाचा विषय त्यांच्या सेवेतील प्रगती हा आहे, आणि विशेषतः ती प्रगती घडवून आणणे ही जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आहे. प्रगती म्हणजे नुसती पगारवाढ मी समजत नाही. पगार वाढतो, पदाचे नाव बदलते आणि हातातले काम बदलते, अशा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिली उशिरा का होईना घडते, दुसरी क्वचित घडते, आणि तिसरीचा विचार कोणी केलेला मला तरी आढळला नाही.

मामांची हकिकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांनी फक्त नाव घालू नकोस म्हणून सांगितले. ते १९९८ साली दहावी उत्तीर्ण या पात्रतेवर ग्रंथालय परिचर म्हणून लागले. पुस्तके झाडणे, मांडणे, मागणीचिठ्ठी घेऊन कपाटातून पुस्तक काढून देणे, हे त्यांचे काम. पुस्तके काढता काढता त्यांना वर्गीकरणाचे आकडे पाठ झाले. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, हे मला प्रथम त्यांनी शिकविले, आणि दशांश चिन्हानंतर एकेक आकडा वाढला की विषय कसा बारीक होत जातो तेही. २०११ साली त्यांनी ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून, आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून, २०१५ साली ते बी.ए. झाले. हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते अशाच माणसांसाठी, असे म्हणावयास हरकत नाही. अडचण एकच होती. त्यांच्या परीक्षा उन्हाळ्यात येत आणि आपल्या ग्रंथालयातील पुस्तकांची वार्षिक पडताळणीही त्याच दिवसांत चाले. एका वर्षी त्यांना रजा मिळाली नाही आणि दोन विषय राहिले. ‘तेव्हाचे साहेब वाईट नव्हते रे, त्यांनाही वरून तारीख दिलेली होती,’ असे मामा म्हणाले.

२०१६ साली ग्रंथालय सहायकाची जागा रिकामी झाली. ती संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून एका कर्मचाऱ्याला बढती देऊन भरली गेली. मामांनी चौकशी केली तेव्हा कार्यालयातून कळले की सेवापुस्तकात त्यांची अर्हता ‘दहावी उत्तीर्ण’ अशीच होती. प्रमाणपत्राची नोंद नव्हती, पदवीची नव्हती. नोंद का नाही? तर त्यांनी अर्ज केला नव्हता. अर्ज का केला नव्हता? तर करावा लागतो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी प्रमाणपत्राची सत्यप्रत त्या वेळच्या मुख्य लिपिकांच्या टेबलावर दिली होती, आणि त्यांनी अभिनंदन करून पेढाही खाल्ला होता. ती सत्यप्रत कोठे गेली हे आता कोणाला माहीत नाही. ते मुख्य लिपिक निवृत्त झाले आहेत.

आता यात दोष कोणाचा? मी हा प्रश्न दिवाळीच्या सुट्टीपूर्वी बऱ्याच जणांना विचारला. एक वरिष्ठ लिपिक म्हणाले, ज्याचे त्याने पाहावे. आपल्या ताटातले आपणच राखावे लागते. एक प्राध्यापक म्हणाले, ही संस्थेची जबाबदारी आहे. संस्थेच्या कार्यालयातील एका गृहस्थांनी सांगितले की पदे शासन मंजूर करते, आकृतिबंध शासन ठरविते, पगारही शासनच देते, तेव्हा संस्थेच्या हातात काय आहे? संघटनेचे काम करणारे एक कर्मचारी म्हणाले की, संघटना सर्वांच्या मागण्यांसाठी भांडते, एकट्याच्या सेवापुस्तकासाठी कसे भांडणार! प्रत्येकाचे म्हणणे ऐकताना पटत होते. परंतु सर्वांची उत्तरे वहीत एकाखाली एक लिहिल्यावर लक्षात आले की प्रत्येकाने बोट पुढच्याकडे केले आहे आणि शेवटचे बोट पुन्हा मामांकडेच वळले आहे.

शासनाने काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. बिगर कृषी विद्यापीठे आणि संलग्न महाविद्यालये यांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९८४ ची प्रमाण संहिता आहे. त्यानंतर, वर जागा नसल्यामुळे वर्षानुवर्षे एकाच पदावर कुजणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी राज्याने १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नतीची योजना आणली. तिच्या जागी २००१ मध्ये सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आली. बारा वर्षे बढती न मिळाल्यास वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यावयाची, असे तिचे सूत्र. पुढे दुसरा लाभ आला, आणि सातव्या वेतन आयोगानंतर २०१९ च्या निर्णयाने राज्य कर्मचाऱ्यांसाठी १०, २० व ३० वर्षे असे तीन टप्पे झाले. महाविद्यालयांतील शिक्षकेतरांच्या बाबतीत मात्र ही वाट सरळ राहिली नाही. त्यांना योजना लागू करणारे काही निर्णय वित्त विभागाच्या संमतीविना निघाले होते, या कारणावरून ते २०१८ च्या डिसेंबरात रद्द करण्यात आले. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या शिक्षकेतरांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि नंतर संप केला, तेव्हा ही योजना पूर्ववत लागू करा ही मागणी अग्रभागी होती. त्या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळांना ‘पेपर पुढे गेला’ एवढीच बातमी कळली असेल.

या योजनेचे नाव ‘आश्वासित प्रगती’ आहे, पण तीत प्रगती होते ती फक्त वेतनश्रेणीची. पदनाम तेच राहते, काम तेच राहते. मामांना बारा वर्षांनी पहिला लाभ मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच कपाटे उघडली आणि तीच फडकी हातात घेतली. शिवाय लाभ मिळण्यासाठी बढतीची पात्रता अंगी असावी लागते, आणि कोणी देऊ केलेली बढती नाकारली तर लाभ काढून घेतला जातो. आता बढती कोण नाकारील, असे वाटेल. पण नाकारतात. चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्याचे निवृत्तीचे वय ६० आणि लिपिकाचे ५८, असा नियम राज्यात वर्षानुवर्षे चालत आला आहे. पंचावन्नाव्या वर्षी लिपिक होणारा शिपाई दोन वर्षांचा पगार गमावतो. मुलीचे लग्न किंवा घराचे कर्ज शिल्लक असेल तर तो हिशेब करतो आणि शिपाईच राहतो. अशा माणसाला महत्त्वाकांक्षा नाही, असे त्याच्या माघारी बोलले जाते. हे बोलणे मी स्वतः ऐकले आहे, आणि त्या वेळी मलाही ते खरे वाटले होते.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे अधिक स्पष्ट नजरेने पाहिलेले दिसते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेतील एका अभियंत्याला सुमारे वीस वर्षे बढतीची संधीच मिळाली नव्हती. त्याच्या प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने असा विचार मांडला की संस्था माणसाला घेते ती केवळ एका कामापुरती नव्हे, तर त्याच्या संपूर्ण सेवाकालासाठी घेते. म्हणून पुढे जाण्याची संधी देणे हेही व्यवस्थापनाचे काम ठरते. दुसरा निर्णय २००८ सालचा आहे. सीमा रस्त्यांच्या अभियांत्रिकी सेवेतील एका अधिकाऱ्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीला ‘फार चांगला’ हवा होता, आणि आपला शेरा त्याला कोणी कळविलाच नव्हता. न्यायालयाने सांगितले की गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, तो वाईट असो वा चांगला, कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे. कळल्यावाचून तो दाद कशी मागणार? हे दोन्ही खटले मोठ्या पदांवरील माणसांचे होते. शिपाई सर्वोच्च न्यायालयात जात नाही. पण त्यामागचे तत्त्व मामांच्या सेवापुस्तकालाही लागू आहे. आपल्याविषयी कार्यालयाने काय लिहून ठेवले आहे हे माणसाला माहीतच नसेल, तर ‘ज्याचे त्याने पाहावे’ हे म्हणणे अन्यायाचे होते.

वस्तुतः सेवापुस्तक दर वर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्यावर त्याची सही घ्यावयाची, अशी सरकारी सेवेत रीत आहे. आपल्या परिसरातील तीन महाविद्यालयांतील अकरा कर्मचाऱ्यांना मी याविषयी विचारले. त्यांतील दोघांनी आपले सेवापुस्तक गेल्या पाच वर्षांत पाहिले होते, आणि त्या दोघांपैकी एक जण ते लिहिणाराच होता! अकरा माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आमच्या सरांनी बजावले आहे. म्हणून सिद्धान्त मांडत नाही.

येथे प्राध्यापकांशी तुलना केल्यावाचून राहवत नाही, रागावू नये. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र केंद्रे काढली. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग सुरू झाले आणि पुढच्या वेतनश्रेणीसाठी ते आवश्यक ठरले. म्हणजे शिक्षकाने शिकावे ही अपेक्षा आहे, शिकण्याची जागा आहे, तेथे जाण्यासाठी रजा आहे, आणि शिकल्याचे फळ नियमात लिहिलेले आहे. लिपिकाने संगणक शिकावा ही अपेक्षा तेवढी आहे. आमचे भाऊसाहेब टंकयंत्रावर मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांच्या परीक्षा देऊन नोकरीला लागले. नंतर संगणक आला, मग संगणकावरचे पगारपत्रक आले, मग २०१७ च्या सुमारास शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर गेले. प्रत्येक वेळी त्यांनी रात्री घरी बसून, मुलाला विचारून शिकून घेतले. अर्ज अडला तर आपण खिडकीबाहेर उभे राहून त्यांच्या नावाने ओरडतो. नॅकच्या मूल्यमापनात शिक्षकेतरांसाठी किती प्रशिक्षण कार्यक्रम घेतले, असे विचारले गेले आहे. तेव्हा समिती येण्याच्या सुमारास एक दिवसाची कार्यशाळा होते, फोटो काढले जातात आणि अहवालात जातात. त्या कार्यशाळेत चहा देणारा कर्मचारीही हजेरीपटावर सही करतो, असे मी ऐकून आहे.

मग जबाबदारी कोणाची? मला जे वाटते ते थोडक्यात मांडतो. शिकण्याची इच्छा ज्याची त्याने धरावयाची, हे खरेच आहे. ती कोणी बाहेरून घालू शकत नाही. पदे निर्माण करणे आणि निवृत्तीच्या वयासारखे अडथळे दूर करणे हे शासनाचेच काम आहे. पण या दोहोंच्या मध्ये जो सर्वांत जवळचा वरिष्ठ आहे, म्हणजे ग्रंथपाल, मुख्य लिपिक, कार्यालय अधीक्षक, तोच खरा दरवाजा आहे. परीक्षेच्या दिवशी रजा तो देतो. प्रमाणपत्र आले की नोंद तो करतो किंवा विसरतो. आज मागणीचिठ्ठ्या वाटणाऱ्याला उद्या दाखलनोंदवहीवर बसवावयाचे की नाही हे तोच ठरवितो. मामांच्या सबंध हकिकतीत शासनाचा एकही निर्णय आडवा आलेला नाही. आडवी आली ती एक नाकारलेली रजा आणि एक हरवलेली सत्यप्रत. आणि या वरिष्ठाला त्याच्या हाताखालच्या माणसांची प्रगती किती झाली, असे मात्र कोणी कधी विचारीत नाही. त्याच्या स्वतःच्या गोपनीय अहवालात तसा रकाना मला कोणी दाखवू शकले नाही.

भाऊसाहेबांना हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत, हसले. म्हणाले, ‘अरे, माझ्याकडे मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आहेत. जो माणूस कपाटे चांगली लावतो त्याला मी दुसरीकडे बसवला, तर कपाटे कोण लावणार? तू लावशील?’ हा मुद्दा माझ्या वहीत नव्हता. चांगले काम करणाऱ्याला हलविणे परवडत नाही म्हणून तो तेथेच राहतो, आणि काम टाळणारा मात्र टेबलामागून टेबल फिरत सर्व कार्यालय शिकून घेतो, ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या अधीक्षकांनी दर जून महिन्यात सर्वांची टेबले सक्तीने बदलण्याची पद्धत ठेवली होती. परीक्षा विभागाचा लिपिक आस्थापनेवर, आस्थापनेचा लेखा विभागात. पहिले दोन महिने गोंधळ होई, शिव्या बसत. पण त्या कार्यालयातील चार लिपिक पुढे निरनिराळ्या महाविद्यालयांत अधीक्षक झाले, त्यांपैकी एक म्हणजे भाऊसाहेब. मग ते ही पद्धत येथे का चालवीत नाहीत, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. उत्तर त्यांनी आधीच दिले होते.

कंत्राटी कर्मचाऱ्यांविषयी लिहावयाचे राहून जात होते. वसतिगृहाच्या मावशी आणि रात्रीचे पहारेकरी आता ठेकेदाराकडून येतात. त्यांना सेवापुस्तकच नाही. राज्यातील खाजगी अनुदानित शाळांत तर २०२० च्या डिसेंबरातील निर्णयाने शिपायांची पदे माणूस निवृत्त होताच संपवून त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता देण्याचे ठरले. भत्त्यावर ठेवलेल्या माणसाची सेवाज्येष्ठता कशी मोजणार? मामांची नोंद चुकली, पण चुकण्यासाठी निदान एक पुस्तक तरी होते. मावशींना मी विचारले, पुढे काय करावेसे वाटते? त्या म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी ठेका याच माणसाला मिळावा. हा पगार वेळेवर देतो.’

या लेखासाठी सर्वांना प्रश्न विचारीत असताना मामांनी, मी पाठीस लागलो म्हणून, सेवापुस्तक पाहावयास मिळावे असा रीतसर अर्ज दिला. अर्जाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर केला. ‘महोदय’ कोठे लिहावयाचे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. भाऊसाहेबांनी पुस्तक कपाटातून काढले, धूळ झटकली, मूळ प्रमाणपत्रे तपासली आणि त्याच दुपारी दोन्ही नोंदी करून प्राचार्यांची सही घेतली. एवढ्या कामाला पंचवीस मिनिटे लागली. प्रमाणपत्र अभ्यासक्रम उत्तीर्ण, २०११. बी.ए., २०१५. नोंदीखालची तारीख अर्थातच यंदाची आहे. मामांनी खिशातून चष्मा काढून ती दोनदा वाचली, सही केली, आणि चारच्या घंटेला वाचनकक्ष उघडावयाचा म्हणून ते निघून गेले.